मुलांना जुनं, मोठं साहित्य घरी वाचून दाखवावं की शाळेवर सोडावं?

तुमचा मुलगा पाचवीत आहे, घरात वाचणारं कोणी नाही, तर ही जुनी पुस्तकं शाळेवरच सोडावीत का, असं तुम्ही विचारलंय. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, माझी मुलगी सातवीत आहे. माझ्या अनुभवावरून सांगते, घरीच सुरू करा. आणि त्याच्या हातात पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणू नका, तुम्ही मोठ्यानं वाचा.

आम्ही ‘श्यामची आई’पासून सुरुवात केली. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांनाही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. ते पुस्तक ऐकण्यासाठीच आहे. जेवणं आटोपली की एक रात्र वाचायची आणि पुस्तक मिटायचं. गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या सहज मिळतात. फक्त एक पथ्य पाळा : ‘यातून काय शिकलास?’ हे विचारू नका. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर दुसऱ्या रात्री पोरगी डोळे मिटून पडून राहिली. प्रश्नांसाठी धड्याखाली स्वाध्याय असतोच.

पण खरी गोष्ट घडली ती ‘धग’ वाचताना. उद्धव शेळके यांची ही 1960 ची कादंबरी आपल्या वऱ्हाडातली आहे. गरिबी, आजारपण, सगळंच जड आहे, त्यामुळे सबंध पुस्तक लहान मुलांसाठी नाही. मी निवडून वाचत होते. पौषातली थंडी, हे रात्रीच्या ओलिताला गेलेले, आणि चुलीपाशी सासूबाई नि मुलगी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. कादंबरीतल्या कौतिकचं वऱ्हाडी बोलणं आलं तसे सासूबाईंचे हात थांबले. ‘‘हे तं आपल्याच घरचं बोलनं हाय वं,’’ त्या म्हणाल्या. मुलीनं माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. ‘‘पुस्तकात असं छापतेत?’’ त्याच वर्षी ‘मले’ म्हटलं म्हणून वर्गात तिला सगळ्यांसमोर टोकलं होतं, आणि ती घरी येऊन आजीलाच ‘मला म्हणत जा’ सांगू लागली होती. त्या रात्री तिनं त्या ओळींवर बोट ठेवून त्या दोनदा वाचल्या. मग सासूबाई बोलू लागल्या. पेरणीच्या पैशासाठी गळ्यातली एकदाणी गहाण ठेवली, ती परत आलीच नाही, हे मी लग्नानंतर पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. शेंगा तशाच राहिल्या.

हे शाळेत होणं कठीण. वर्गात वेळ ठरलेला असतो, आजी नसते.

शाळेचं काम मी कमी लेखत नाही. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ती मराठी मला घरी कोणी समजावली असती? आमच्या मराठीच्या सरांनी फळ्यावर एकेक शब्द फोडून सांगितला. पारध्यापासून जीव वाचवत ससा स्वामींच्या आश्रयाला येतो ती लीळा त्यांनी वाचली तेव्हा वर्ग गप्प झाला होता. जुनी भाषा उकलून देणारा शिक्षक मिळाला तर मुलाचं भाग्य. म्हणून अवघड ग्रंथ शाळेकडे राहू द्या, पण पुस्तकाची माया घरात लागू द्या. आधी माया लागली की पुढे फोड करून घ्यायला पोरं तयार असतात.

घरात वाचणारं कोणी नाही याचा संकोच नको. अडखळत वाचलं तरी मुलं ऐकतात. एखादा शब्द अडला तर त्यालाच वाचायला सांगा, त्याला आवडेल. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नाव नोंदवा, बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलता येतं. आणि तोवर थांबायचीही गरज नाही. तुमच्या गावातही तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ कोणाच्या तरी घरी असेलच. तिचे 41 अध्याय आहेत आणि ओव्या सोप्या आहेत. मुलानं त्या प्रार्थनेच्या वेळी ऐकल्या असतील, त्यामुळे एखादी ओळ तुम्ही सुरू केलीत तर पुढची तोच म्हणेल.