स्क्रॅच गोल्फर म्हणजे नक्की कोण? रोज पार खेळणारा?

प्रश्न असा आहे: "आमचे साहेब स्वतःला स्क्रॅच गोल्फर म्हणवतात. म्हणजे ते दर वेळी पार खेळतात का? आणि मी चाळिशीत शिकायला घेतलं तर तिथवर पोचेन का?"

हँडिकॅप म्हणजे तुम्हाला साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा. ज्याचा हँडिकॅप शून्य, तो स्क्रॅच. पण दर वेळी पार, म्हणजे कोर्ससाठी ठरवलेल्या फटक्यांतच खेळ पुरा? अजिबात नाही. हा गैरसमज क्लबात वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांचाही असतो, त्यामुळे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी स्वतः अकरा-बाराच्या हँडिकॅपवर अडकलेला माणूस आहे, पण पुण्यात एक-दोघा स्क्रॅच खेळाडूंबरोबर अधूनमधून खेळणं होतं.

२०२० पासून जगभर बहुतेक सगळीकडे हँडिकॅपची एकच पद्धत आहे, आपल्याकडेही तीच. तुमचे शेवटचे २० राउंड (१८ होलचा एक डाव म्हणजे राउंड) घ्यायचे, त्यातले सगळ्यांत चांगले ८ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या १२ राउंडना कोणी विचारत नाही. म्हणजे हँडिकॅप हा तुमचा रोजचा खेळ नव्हे. चांगल्या दिवशी तुम्ही काय करू शकता, त्याचा तो आकडा. शून्यवाल्याची सगळ्या राउंडची सरासरी काढली, तर ती साधारण दोन-तीन फटक्यांनी वरच निघते.

दुसरी गंमत अशी की तुलना पारबरोबर होतच नाही. प्रत्येक कोर्सला दोन आकडे दिलेले असतात. एक कोर्स रेटिंग, म्हणजे स्क्रॅच खेळाडूने चांगलं खेळून तिथे किती फटक्यांत यावं याचा अंदाज. दुसरा स्लोप, म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स स्क्रॅचवाल्यापेक्षा किती जास्त जड जातो ते. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा सर्वसाधारण मानतात. तुमच्या फटक्यांतून रेटिंग वजा करायचं, त्याला ११३ ने गुणायचं आणि स्लोपने भागायचं.

आता समजा दोन कोर्स आहेत, दोन्हींचा पार ७२. पहिला सोपा: रेटिंग ६९.५, स्लोप ११८. दुसरा अवघड: रेटिंग ७४.२, स्लोप १४०. सोप्या कोर्सवर कोणी बरोबर पार, म्हणजे ७२ मारले, तर हिशोब येतो २.४. अवघड कोर्सवर ७६ मारणाऱ्याचा येतो १.५. चार फटके जास्त मारूनही राउंड त्याचाच सरस! म्हणजे सोप्या कोर्सवर वर्षभर न चुकता पार खेळणारा माणूस स्क्रॅच नाही, तो २.४ चा आहे. साहेब कुठल्या कोर्सवर खेळतात, हे आधी विचारा.

बाकी आकडे ठेवा बाजूला. स्क्रॅच माणूस खेळताना बघितलात की फरक लगेच कळतो, आणि तो पहिल्या दणदणीत ड्राइव्हमध्ये नसतो. रेटिंग ठरवताना पुरुष स्क्रॅच खेळाडूचा टी-शॉट (होलचा पहिला फटका) २५० यार्ड धरतात, महिलेचा २१०. तेवढं तर कॉलेजातली पोरंही मारतात. फरक ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, हुकल्यावर दिसतो. मागे एकाचा दुसरा शॉट डावीकडे उंच गवतात गेला, मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. मी असतो तर झेंड्याच्या दिशेनेच मारायला गेलो असतो, बॉल बंकरात आणि कार्डावर सहा. त्याने झेंड्याकडे फारसं पाहिलंच नाही. बंकर टाळून ग्रीनच्या रुंद बाजूला बॉल ठेवला, लांबचा पट (ग्रीनवरून होलकडे घरंगळत मारायचा फटका) होलजवळ हातभर अंतरावर आणला आणि पाच लिहून पुढच्या टीकडे निघाला. चेहऱ्यावर काही नाही. बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) त्याला मिळतात, पण वाटतात तितक्या नाहीत. त्याच्या कार्डावर डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) मात्र शोधावी लागते. माझ्या मते स्क्रॅचची खरी ओळख हीच.

आणि हो, स्क्रॅच म्हणजे प्रोच्या जवळपास, असंही समजू नका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक हिचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा तिचा चार राउंडचा हिशोब होता पारपेक्षा १५ कमी. साधा स्क्रॅच खेळाडू तसल्या कडक कोर्सवर चार दिवसांत पारच्या वरच राहील, आणि तेही चांगलं खेळला तर. मोठे प्रो शून्याच्याही पलीकडे असतात, त्याला 'प्लस' म्हणतात. म्हणजे कोर्सलाच उलटे फटके द्यायचे. अमेरिकेच्या यूएस ओपनला हौशी खेळाडूला अर्ज करायचा तर हँडिकॅप ०.४ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे स्क्रॅच झालात की फॉर्म भरता येतो, एवढंच. तसे दहा हजारांवर अर्ज येतात आणि खेळतात १५६.

साहेबांबद्दल इतकंच: तीन-चार फुटांचा पट "दिला, उचला" म्हणून सोडून द्यायचा, पहिल्या टीवरचा बिघडलेला शॉट पुन्हा मारायचा आणि चांगली कार्डंच तेवढी भरायची, असं केलं की कोणाचाही हँडिकॅप उतरतो. त्यांना दुसऱ्या कोर्सवर सगळे पट होलात घालायला लावा, मग बोलू. (अर्थात तुमचं प्रमोशन जवळ आलं असेल तर हा सल्ला विसरा.) याच्या उलटेही महाभाग असतात. क्लबच्या स्पर्धेत बक्षीस मारायचं म्हणून हँडिकॅप मुद्दाम वर ठेवतात, कारण तेवढे फटके स्पर्धेत वजा होतात. माझा जास्त राग त्यांच्यावर, कारण फुशारकी मारणारा निदान स्वतःच हरतो.

आता चाळिशीचं. अमेरिकेत अधिकृत हँडिकॅप असलेल्या पुरुषांतही शून्य किंवा त्याखाली असणारे दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि त्यातले बरेचसे लहानपणापासून खेळणारे. तेव्हा नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार खेळून हे व्हायचं नाही, असं मी स्पष्टच सांगतो. पण १८-२० चा हँडिकॅप, म्हणजे साधारण प्रत्येक होलवर एक फटका जास्त, एवढं नियमित खेळलात तर जमेल. त्यासाठी ड्रायव्हिंग रेंजवर बादल्याच्या बादल्या बॉल उडवू नका. निम्मा वेळ पटिंग आणि ग्रीनजवळच्या चिपिंगला द्या, आणि नवीन ड्रायव्हरचे (लांब मारायच्या काठीचे) पैसे वाचवून कोचला द्या.