स्कोअररची वही : उजव्या सीमेवरचा एक्कावन्न नंबर

प्रश्न : माझा भाचा सिॲटलला असतो. त्याच्या हॉलमध्ये इचिरो नावाच्या बेसबॉलवाल्याचा मोठा फोटो आहे. भाचा म्हणतो, व्यावसायिक बेसबॉलमध्ये याच्याइतके हिट कोणाचेच नाहीत. मी शोधलं तर अमेरिकेत त्याचे होमरन (म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट सीमेपार फटके) अवघे ११७. बॅरी बाँड्सचे ७६२! मग एवढं कौतुक कशाचं? आणि जपानमधले हिट अमेरिकेतल्या हिटमध्ये मिळवायचे, म्हणजे रणजीच्या धावा कसोटीत मिळवल्यासारखंच नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा तो ‘अवघे’ मला जरा झोंबला. तीस वर्षं मी मुंबईच्या मैदानांवर तंबूत बसून स्कोअर लिहिला. कांगा लीगच्या दिवसांत वर ताडपत्री गळतेय, खाली वहीवर शाई पसरतेय, अशातही लिहिला. षटकार मारणारा फलंदाज स्कोअररला त्रास देत नाही, दोन-तीन ओळींत आटपतो. बोटं दुखवतो तो चेंडू हळूच ढकलून पळणारा. इचिरो सुझुकी, पाठीवर एक्कावन्न नंबर, त्या जातीचा.

त्याला मी प्रत्यक्ष पाहिलं २०१० च्या उन्हाळ्यात. मुलगी तिकडे होती, तिचं बाळंतपण आटोपलं आणि जावयाने मला मॅचला नेलं. जावई शेंगदाण्याच्या पुड्यात गुंतलेला. इचिरोने चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे मारला. (बेस म्हणजे धाव पुरी करताना गाठायचे चार थांबे.) शॉर्टस्टॉपने तो स्वच्छ उचलला, एक क्षणही न दवडता पहिल्या बेसकडे फेकला, आणि तरी इचिरो आधी पोचला होता. जावई म्हणाला, “बाबा, काही झालं का?” मी खिशातल्या वहीत एक उभी रेघ मारली. झालं होतं, हिट झाला होता. चेंडू मारून, बाद न होता, क्षेत्ररक्षकाची चूक नसताना पहिला बेस गाठला की तो हिट. तुमच्या-माझ्या भाषेत चोरटी एकेरी.

त्या मोसमात त्याचे २१४ हिट झाले. २००१ पासून सलग दहावं वर्ष, दोनशेच्या वर! २००४ साली तर २६२. त्याआधीचा २५७ चा विक्रम जॉर्ज सिसलरचा, १९२० सालचा, चौऱ्याऐंशी वर्षं जागचा हलला नव्हता. त्या २६२ मध्ये २२५ एकेरी होते. होमरन आठ. आता सांगा, बाँड्सच्या फूटपट्टीने याला मोजायचं कसं?

बरं, हे सगळं अमेरिकेत उतरल्यावरचं. जपानमधली सुरुवात बघा. नागोयाजवळच्या तोयोयामाचा मुलगा, १९७३ चा जन्म. ऑरिक्स ब्लूवेव्ह संघाने घेतला तोही नवोदितांच्या निवडीच्या चौथ्या फेरीत. मारताना पुढचा पाय लंबकासारखा झुलवायची त्याची पद्धत. ती तेव्हाच्या मॅनेजरला (तिकडचा मुख्य प्रशिक्षक) बघवेना, म्हणून त्याला राखीव संघात धाडलं. १९९४ मध्ये अकिरा ओगी मॅनेजर झाले. त्यांनी पायाला हात लावला नाही, नाव मात्र बदललं. सुझुकी म्हणजे जपानमधलं आपलं पाटील-जाधव, दर गल्लीत सापडणारं. ओगींनी आडनाव काढून नुसतं ‘इचिरो’ अशी नोंद केली. त्याच वर्षी १३० सामन्यांच्या मोसमात २१० हिट. जपानमध्ये तोवर कोणी दोनशे गाठलेच नव्हते. पुढच्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला, शहर कोलमडलं, आणि त्याच १९९५ मध्ये कोबेच्या या संघाने आपली लीग जिंकली. कोबेकर त्याला आपला मानतात ते तेव्हापासून.

आता तुमची रणजीची तुलना. अर्धी बरोबर आहे. जपानमध्ये १,२७८, अमेरिकेत ३,०८९, एकूण ४,३६७. अमेरिकेतला विक्रम पीट रोझचा, ४,२५६. दोन्ही आकडे एका रकान्यात बसवायला मी स्कोअरर म्हणून तयार नाही, त्यांचे रकाने वेगळेच. पण तुम्ही जपानला रणजी समजता तिथे घसरता. पंचवीस-तीस सामने खेळून तो तिकडे गेला नव्हता. सलग सात वर्षं फलंदाजीच्या सरासरीत पहिला येऊन सत्ताविसाव्या वर्षी गेला, आणि पहिल्याच मोसमात २४२ हिट, ५६ बेस चोरलेले (फटका नसतानाच पुढच्या बेसवर पळून), सर्वोत्तम नवोदित आणि मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर हे दोन्ही किताब एकाच वर्षी. ते त्याआधी फक्त फ्रेड लिनला जमलं होतं, १९७५ मध्ये. रणजीतून आलेल्याला कसोटी अशी सोपी जात नाही. अमेरिकेतले ३,०८९ तर निव्वळ तिथलेच आहेत. तेवढ्यावरही तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनात, गेला असता.

गेलाच, २०२५ मध्ये, ३९४ पैकी ३९३ मतांनी. मत न देणाऱ्या त्या एकाला त्याने घरी यायचं आमंत्रण दिलं, बसून घोट घेऊ म्हणाला. जुलैत हॉल ऑफ फेमच्या गावी, कूपर्सटाउनच्या समारंभात इंग्रजीत भाषण करताना सांगून टाकलं, त्या आमंत्रणाची मुदत आता संपली! (इतकी वर्षं पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोलणारा माणूस हा.)

प्रश्न : इचिरो आउटफिल्डर होता म्हणतात. म्हणजे आपला सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षकच ना? त्यात विशेष ते काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जागा तशीच, काम वेगळं. आपल्याकडे सीमेवरच्याने चौकार अडवला की टाळ्या. तिकडे चेंडू हातात आल्यावर खरी गोष्ट सुरू होते, कारण पुढे धावणारा एक-एक बेस खात असतो.

११ एप्रिल २००१, ओकलंड. इचिरोचा अमेरिकेतला पहिला मोसम सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते. प्रतिस्पर्धी टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर. उजवीकडे, इचिरोच्या बाजूला हिट गेला, लाँग दुसरा ओलांडून तिसऱ्याकडे सुटला. कोणीही सुटला असता. इचिरोने चेंडू उचलला आणि फेकला. तो जमिनीला न लागता, दोरी ताणून बांधावी तसा तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलच्या हातमोज्यात. बेलला फक्त मोजा खाली न्यायचा होता. लाँग घसरत आला तो थेट मोज्यावर. चित्रफीत मिळते, जरूर बघा, आणि चेंडूऐवजी लाँगचा चेहरा बघा.

मी त्या २०१० च्या सामन्यात मुद्दाम त्याच्याकडेच बघत बसलो होतो. दोन चेंडूंच्या मध्ये हा माणूस स्वस्थ उभा नाही. पाय फाकवून बैठक, खांदा आत ओढ, कंबर वळव. त्याच्याकडे चेंडू आला असेल तीन-चारदा. त्याची सज्जता मात्र प्रत्येक चेंडूला. आमच्या मैदानावर याच जागी उभे राहणारे मी पाहिलेत, त्यातले निम्मे पलीकडच्या मॅचचा स्कोअर विचारत असतात.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, क्रिकेट खेळतो, उजव्या हाताचा. कोच म्हणतात, इचिरोसारखं डावखुरं खेळायला शिकवू, फायदा होतो. शिकवावं का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : इचिरो उजव्या हाताने फेकतो आणि डाव्याने मारतो, हे खरं. पण कारण समजून घ्या. बेसबॉलमध्ये डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, म्हणजे नव्वद फुटांच्या धावेत त्याची दोन-एक पावलं वाचतात. वर सांगितलेली चोरटी एकेरी त्या दोन पावलांवर उभी आहे. क्रिकेटमध्ये तो बेसच नाही, दोन्ही हातांना खेळपट्टी बावीस यार्डांचीच. सौरव गांगुली उजव्या हाताचा असून डावखुरा खेळला, सचिन डाव्या हाताने लिहितो आणि उजव्याने खेळला. दोघांनाही त्यासाठी इचिरो लागला नाही.

इचिरोने सहावीत एक निबंध लिहिला होता : वर्षाच्या ३६५ पैकी ३६० दिवस मी कडक सराव करतो. हा निबंध मुलाच्या खोलीत लावायची घाई करू नका. तो सराव वडील करून घ्यायचे, आणि त्याबद्दल पुढे मोठेपणी तो फारसं गोड बोललेला नाही.

अनुकरण करायचंच, तर त्याच्या बॅटींचं करा. त्या तो दमटपणा आवरणाऱ्या खास पेटीत ठेवायचा. तुमच्या मुलाची बॅट आत्ता कुठे आहे? स्कूटरच्या पायदानावर, ओल्या किटबॅगेत? आधी ती पुसून कोरडी करून ठेवायला सांगा. हात कोणता, ते त्याचं तो ठरवील.