चालकाने पाहिले, तरीही मोटारसायकल दिसली नाही

प्रश्न : मी सहा वर्षांपासून मोटारसायकल चालवतो. गेल्या महिन्यात आडव्या रस्त्याच्या तोंडाशी थांबलेल्या एका मोटारीच्या चालकाने माझ्याकडे सरळ पाहिले आणि तरीही गाडी माझ्यासमोर आणली. वेग कमी असल्यामुळे मी वाचलो. पण तेव्हापासून आजूबाजूच्या प्रत्येक गाडीची धास्ती वाटते. काय पाहावे आणि आरशात किती वेळा पाहावे?

उत्तर : तुम्ही सुखरूप आहात, हे वाचून बरे वाटले. त्या चालकाने तुमच्या दिशेने पाहिले एवढेच तुम्हाला कळले होते. तुम्ही त्याला दिसलात की नाही, हे नजरानजरेवरून ठरवता येत नाही. डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झटकन वळतात त्या क्षणार्धात मेंदू दृष्टीची नोंद जवळजवळ थांबवतो, आणि मोटारसायकल नेमकी नजरेच्या त्या उडीत सापडली, तर ती समोर असूनही लक्षात येत नाही. मोटारीच्या पुढच्या काचेशेजारचा खांब अख्खी दुचाकी झाकू शकतो. शिवाय दुचाकी दिसली तरी तिच्या लहान आकारामुळे ती अजून लांब आहे, असे वाटते. अमेरिकेत संशोधक हॅरी हर्ट यांनी सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा अभ्यास करून १९८१ मध्ये अहवाल दिला. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत त्या वाहनाने मोटारसायकलस्वाराचा मार्गाधिकार, म्हणजे आधी जाण्याचा हक्क, मोडला होता.

म्हणून चालकाच्या डोळ्यांपेक्षा मोटारीच्या पुढच्या चाकाकडे पाहा, कारण गाडी हलू लागल्याचे चाकावरून लवकर कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने तुम्ही एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाता. तेव्हा चाक फिरण्याची वाट न पाहता आधीच अ‍ॅक्सिलरेटर सैल करा, बोटे ब्रेकवर ठेवा आणि आपल्याच लेनमध्ये त्या मोटारीपासून थोडे दूर सरका. असे आडवे सरकल्याने तुम्ही चालकाच्या नजरेत येण्याचीही शक्यता वाढते. आणखी एक खूण मला फार मोलाची वाटते : बाजूने येणारे वाहन तुमच्या दृष्टीत एकाच जागी स्थिर राहून नुसते मोठे होत असेल, तर दोघांचे वेग आणि दिशा कायम राहिल्यास टक्कर होणार, असे समजा.

आरशात किती वेळा पाहावे याचा आकडा मी देणार नाही. ब्रेक लावण्यापूर्वी, वळण्यापूर्वी आणि लेन बदलण्यापूर्वी मात्र पाहिलेच पाहिजे. बहिर्गोल आरशात मागचे वाहन असते त्यापेक्षा दूर दिसते आणि शेजारी आलेले वाहन कित्येकदा दिसतच नाही. त्यामुळे लेन बदलताना खांद्यावरून एक ओझरती नजर टाकावी. त्यासाठी समोरच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर हवे, पावसात चार. ते वाहन एखाद्या खांबापाशी पोहोचल्यापासून तुम्ही तिथे पोहोचेपर्यंतचे सेकंद मोजा.

धास्तीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्या गाडीची भीती वाटते तिच्यावर नजर खिळली की मोटारसायकलही तिकडेच ओढली जाते. धोका ओळखला की नजर लगेच मोकळ्या वाटेवर न्या. ही सवय आधी कमी वेगात, रहदारी नसलेल्या रस्त्यावर लावून घ्या.