कॉपीराइटच्या मागे न लागता एकांकिका लिहिणाऱ्याला पैसे कसे मिळतील?

तुम्ही विचारलंय की तुमच्या एकांकिकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरतात, कोर्टात जाणं परवडत नाही, मग दुसरी वाट कुठली? माझं मत: प्रतीचे पैसे मागूच नका. लिहिण्याचे मागा, आणि प्रत बाहेर पडायच्या आधी मागा.

आमच्या गोव्यात फोंड्याकडे जत्रेला देवळासमोर मराठी नाटक होतं. तिकीट नाही, कुणीही येऊन बसावं. खर्च गावच्या वर्गणीतून आधीच निघालेला असतो. वर भर प्रयोगात बक्षिसं जाहीर होतात (रंगात आलेला प्रवेश त्यासाठी अडतो, ते सोडा). फुकट बघणाऱ्यामुळे कुणाचं काही बुडत नाही.

डिजिटल कामासाठी जॉन केल्सी आणि ब्रूस श्नायर या संगणक-सुरक्षेतल्या जाणकारांनी १९९९ मध्ये असाच हिशेब मांडला. लेखकाने रक्कम सांगायची, लोकांनी ती विश्वासातल्या तिसऱ्याकडे ठेवायची. काम प्रसिद्ध झालं की पैसे लेखकाला, नाही झालं तर ज्याचे त्याला परत. थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर असंच सुटलं. २००२ मध्ये त्यामागची कंपनी बंद पडली, सॉफ्टवेअर खुलं करायला गुंतवणूकदारांनी एक लाख युरो मागितले, ते सात आठवड्यांत जमले. त्या ऑक्टोबरपासून ते सगळ्यांना खुलं आहे.

तुमचं गिऱ्हाईक म्हणजे नाटक बसवणारी मंडळं. गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेआधी ती संहिता शोधत असतात, तेव्हा पहिला प्रवेश पाठवा आणि रक्कम सांगा. एखादं मंडळ जास्त देईल, पण स्पर्धा होईपर्यंत संहिता खुली करू नका म्हणेल. खुशाल मान्य करा, थांबण्याचेही पैसे घ्या. पैसे तुमच्याकडे नकोत, दोन्ही बाजूंना ओळखणाऱ्या कुणाकडे तरी असू देत. अडचण एकच, पण मोठी: नाव नसलेल्यासाठी कुणी आधी खिशात हात घालत नाही. सुरुवातीच्या एक-दोन एकांकिका फुकटच जातील.

सरकारी वाटाही आहेत. जर्मनीत १९६५ पासून रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर आकार घेऊन तो कलावंतांना वाटतात, डेन्मार्कमध्ये १९४६ पासून ग्रंथालयांतल्या पुस्तकांबद्दल लेखकांना पैसे मिळतात. भारतात यातलं काही नाही. आलं तरी वाटप खपावर होणार, आणि एकांकिकेचा खप तो काय!

एक मात्र करा. कॉपीराइट तुम्ही लिहिता क्षणी तुमचा होतो आणि तुमच्यामागे साठ वर्षं राहतो, नुसती पीडीएफ वाटून तो सुटत नाही. तेव्हा पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा: वाचायला आणि वाटायला मोकळीक, तिकीट लावून प्रयोग करायचा तर आधी विचारा. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा अव्यापारी परवाना (धंद्यासाठी सोडून बाकी वापराला मोकळीक देणारा तयार मजकूर) त्यासाठी आहेच.