जोडचाक बसवताना कललेले चाक सावरायला जाऊ नका

प्रश्न: ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना बाहेरून जोडचाके बसवायची आहेत. तिघे मिळून हातानेच चढवली तर चालेल का? आणि त्यांचे नट सारखे ढिले का होतात?

उत्तर: हाताने चढवू नका, तिघे काय नि पाच जण काय. मोठे चाक रिमसकट दोन-तीन क्विंटल सहज भरते. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असेल तर त्याहून कितीतरी जास्त, म्हणून पाणी आधी काढा. उभे चाक एकट्यालाही ढकलत नेता येते, म्हणून ते हलके वाटते. पण ते तोलावर उभे असते तोवरच. एकदा कलले की कुणाच्याच बापाला आवरत नाही. अशा वेळी हात सोडा आणि बाजूला व्हा. चाक पडले तर पडू द्या. माणसे सापडतात ती ते सावरायला गेल्यामुळेच.

उचलायला चेन पुली किंवा लोडर वापरा, पट्टा रिममधून ओवून घ्या. ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करा, हँडब्रेक लावा, किल्ली खिशात ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. तरी दोन्ही चाकांची बोल्टची भोके जुळत नाहीत, कारण आतले टायर ट्रॅक्टरच्या वजनाने दबलेले असते आणि बाहेरचे नसते. ओंडके लावण्याआधीच आतले चाक जाड फळीवर चढवून घेतले की उंची जुळते. भोके जुळली का, हे बोट घालून बघू नका. पहारीचे टोक घाला.

आता नट. ढिले होण्याचे कारण बहुधा नटात नसते, दोन चाकांचे पत्रे जिथे एकमेकांना टेकतात तिथे असते: वाळलेला चिखल, गंजाचे पापुद्रे, रंगाचा जाड थर. नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण काम सुरू झाले की मधला थर चुरतो आणि पकड जाते. दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने लख्ख करा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शेवटी पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने. पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा तपासा, मग आठवडाभर रोज.

दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत, बाहेरच्यात हवा आतल्यापेक्षा जास्त नको. जोडचाकामुळे जमीन कमी दबते, पण अॅक्सलची ताकद वाढत नाही. जास्तीचे ओझे लादू नका.

हंगाम संपल्यावर काढलेले चाक भिंतीला नुसते टेकवून ठेवू नका. मुले त्यावर चढतात. ते आडवे ठेवा किंवा साखळीने बांधा.