बालविकास शिकायचा असेल, तर पहिल्या वर्षी रसायनशास्त्र कशाला?

आपल्या मुलीला लहान मुलांसोबत काम करायचे आहे, मग तिने रसायनशास्त्र का शिकावे, असे आपण विचारले आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाची पदवी चार वर्षांची आहे. पूर्वी या शाखेला गृहविज्ञान म्हणत आणि मानव विकास व कुटुंब अभ्यास हा, ज्यात बालविकास येतो, तिचाच एक विभाग आहे. अशा पदवीत मूलभूत विज्ञान सुरुवातीलाच येते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

गरोदरपणात आयोडीन फारच कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. पालेभाजीतील लोह फेरिक, म्हणजे शरीरात सहज न शोषल्या जाणाऱ्या रूपात असते. त्यावर लिंबू पिळले की क जीवनसत्त्वामुळे त्याचे फेरस रूप होऊन ते अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा तेच शोषण रोखतो. अंगणवाडीत एखाद्या मातेला हे पटवून द्यायचे, तर स्वतःला त्यामागचे कारण ठाऊक हवे.

भीती बहुधा मोल (पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) आणि अनुमापन (एका द्रावणाच्या मदतीने दुसऱ्याची तीव्रता मोजणे) यांचीच वाटते. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड हा अल्कली थेंबाथेंबाने लिंबाच्या रसात सोडताना फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या सूचकाचा फिका गुलाबी रंग टिकला, की तिथेच थांबायचे. हा हात आठ-दहा वेळा केल्यावर बसतो. मोलची गणिते मात्र तिने आतापासूनच रोज थोडी सोडवावीत.