संवेदनावंचन म्हणजे छळच का?

तुमचा प्रश्न असा, की 'सेन्सरी डिप्रायव्हेशन' (संवेदनावंचन, म्हणजे डोळे-कान-स्पर्श यांना काही कळूच न देणं) आणि 'टॉर्चर' (छळ) हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का? माझ्या मते नाही. पहिला शब्द काय केलं ते सांगतो. दुसऱ्यात कुणी, कुणाला, कशासाठी केलं तेही येतं. उपास आणि उपासमारीसारखंच आहे हे. पोट दोन्हीकडं रिकामंच.

खानापूरकडच्या आमच्या जुन्या घरात माजघरामागं भाताची कोठी होती. खिडकी नाही, तुसाचा वास, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. लपंडावात मी तिथं अर्धा अर्धा तास मजेत बसायचो. एकदा काकांनी शिक्षा म्हणून बाहेरून कडी घातली, तर पाच मिनिटांत "काढा की हो काका" करत दार बडवून हात लाल. कोठी तीच होती.

कॅनडात मॅकगिल विद्यापीठात 1951 ते 1954 दरम्यान मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी विद्यार्थ्यांना दिवसाला 20 डॉलर देऊन नुसतं झोपवून ठेवलं. डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातांत मोजे, वर पुठ्ठ्याच्या नळ्या. बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत हात टेकले, काहींना नसलेली चित्रं दिसायला लागली. पण नको म्हटलं की उठून जाता यायचं.

1971 साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या 14 कैद्यांना ती मुभा नव्हती. डोक्यावर काळ्या पिशव्या, कानांवर सतत घरघर, भिंतीला बोटं टेकवून तासन्तास उभं करणं, झोप नाही, अन्नपाणी तुटपुंजं. मग शब्दावरच खटला रंगला. युरोपीय मानवाधिकार आयोगानं 1976 मध्ये याला छळ म्हटलं, तर 1978 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 'अमानुष आणि अपमानास्पद वागणूक, पण छळ नव्हे' असा निकाल दिला. मला तो कीस कधीच पटला नाही. 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की आजच्या मापानं हा बहुधा छळच ठरेल.

मी कन्नड कागदपत्रांचे मराठी तर्जुमे करतो. कन्नडात 'चित्रहिंसे' म्हटलं की काम भागतं. मराठीत छळ सासूही करते, डासही करतात. आणि 'टॉर्चर' तर आमची पोरं गणिताच्या तासालाही म्हणतात. म्हणून कोठडीतल्या प्रकाराला मी 'अनन्वित छळ' लिहितो, आणि डोळे-कान बांधले असतील तर तेही वेगळ्या वाक्यात, जसं केलं तसं.